‘शक्यता कमी’ : एका हेरप्रमुखाच्या खुर्चीचे किस्से

मोसादचं नाव आपल्याकडे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरही निघतं. वेबसिरीज, थरारक पुस्तकं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे खरेखोटे पराक्रम, सगळा भाव मोसाद खाऊन जाते. पण इस्रायलच्या पंतप्रधानांना ‘यंदा युद्ध होणार का?’ याचं उत्तर द्यायची जबाबदारी वर्षानुवर्षं दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात आहे. हा माणूस लष्करी गणवेशात मंत्र्यांसमोर येतो, त्याचा हुद्दा मेजर जनरलचा असतो आणि त्याच्या खात्याला म्हणतात अमान. म्हणजे इस्रायलचं लष्करी हेरखातं.

बहुतेक देशांत लष्कराचा हेरप्रमुख शत्रूच्या तोफा, तळ आणि पलटणी मोजतो. देशावर संकट येणार की नाही, हा मोठा अंदाज मुलकी यंत्रणा बांधतात. इस्रायलमध्ये हे दोन्ही एकाच टेबलावर आलं, त्याला कारण इतिहास. १९४८ मध्ये हा देश जन्मला तोच लढाईत. माणसं, पैसा, वायरलेस संच, जे काही होतं ते लष्कराकडे. मग अंदाज बांधायचं कामही लष्कराकडेच गेलं आणि तिथेच मुरलं. आजही अमान दरवर्षी सरकारपुढे वर्षाचा अंदाज मांडते.

या खुर्चीवर बसलेल्यांपैकी एक जण पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, एक पंतप्रधान झाला, पाच जण लष्करप्रमुख झाले. आणि निदान सहा जणांना वाद, चौकशी किंवा राजीनाम्याच्या वाटेने जावं लागलं. इतकी निसरडी सरकारी खुर्ची जगात शोधून सापडायची नाही.

पहिला प्रमुख आणि एका दिवसाची कैद

लष्करी हेरखात्याचा पहिला प्रमुख इसर बेरी. उंचीमुळे सगळे त्याला ‘मोठा इसर’ म्हणत. कारण हेरखात्यांत दुसराही एक इसर होता. इसर हरेल, जो पुढे मोसादचा प्रमुख झाला. तो ‘छोटा इसर’.

३० जून १९४८. त्या दिवशी बेरीच्या माणसांनी मेइर तोबियान्स्की या लष्करी अधिकाऱ्याला पकडलं. तो जेरुसलेमच्या वीज कंपनीत कामाला होता. संशय असा, की तो ब्रिटिशांना माहिती पुरवतो आणि ती शत्रूच्या तोफांपर्यंत पोचते. जागच्या जागी लष्करी न्यायालय बसलं. बचावाला वकील नाही, अपील नाही. त्याच दिवशी त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

त्याच्या पत्नीने पंतप्रधान बेन-गुरियन यांना पत्र लिहून दाद मागितली. चौकशी झाली आणि तोबियान्स्की साफ निर्दोष निघाला. त्याला त्याचा हुद्दा मरणोत्तर परत मिळाला, लष्करी इतमामाने पुन्हा दफन झालं. बेरीवर खटला चालला आणि सदोष मनुष्यवधाचा दोष सिद्ध झाला. शिक्षा? एक दिवस कैद, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. तीही राष्ट्राध्यक्षांनी माफ केली.

देशासाठी केलेली सेवा लक्षात घेऊन न्यायालयाने सौम्य शिक्षा दिली, असं म्हणतात. मला हा हिशेब आजही पटत नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी: दोन वर्षांच्या आत नव्याकोऱ्या देशाने आपल्या हेरप्रमुखाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

डब्लिनचा मुलगा, दोनदा प्रमुख

बेरीनंतर आले खायिम हर्झोग. जन्म बेलफास्टचा, बालपण डब्लिनमध्ये, वडील आयर्लंडचे प्रमुख रब्बी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यातून लढले. १९४८ ते ५० आणि पुन्हा १९५९ ते ६२ असे दोन वेळा ते या खुर्चीवर होते. दुसऱ्यांदा का बोलावणं आलं, तो किस्सा पुढे आहेच.

१९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धाआधी आख्खा देश धास्तावलेला असताना हर्झोग रेडिओवर येऊन परिस्थिती समजावून सांगत. त्यांच्या शांत आवाजाने लोकांना धीर दिला, हे तिथे आजही सांगतात. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत इस्रायलचे राजदूत असताना झायोनिझमला वंशवाद ठरवणारा ठराव त्यांनी व्यासपीठावर उभं राहून टराटरा फाडला. १९८३ ते ९३ ते राष्ट्राध्यक्ष होते. २०२१ मध्ये त्यांचे चिरंजीव इसहाक हर्झोगही राष्ट्राध्यक्ष झाले. तेही तरुणपणी अमानच्याच, शत्रूचं बोलणं ऐकणाऱ्या ८२०० या तुकडीत अधिकारी होते.

आदेश दिला कुणी?

एका साध्या प्रश्नावर एखाद्या देशाचं राजकारण किती वर्षं गाजावं? इस्रायलमध्ये हा प्रश्न दशकभर पुरला.

१९५४. प्रमुख होते बिन्यामिन गिब्ली. अमानच्या एका गुप्त तुकडीने इजिप्तमधल्या ज्यू तरुणांना हाताशी धरून अलेक्झांड्रियाचं टपाल कार्यालय आणि अमेरिकी वाचनालयं अशा ठिकाणी छोटे बॉम्ब ठेवायची मोहीम आखली. खापर स्थानिकांवर फुटावं, इजिप्त अस्थिर आहे असं पाश्चात्त्यांना वाटावं आणि ब्रिटिश सैन्य सुएझमधून हलू नये, असा डाव. पण अलेक्झांड्रियातल्या रिओ चित्रपटगृहाच्या दारात फिलिप नॅटनसन या तरुणाच्या खिशातलं स्फोटक आपोआप पेटलं. तो तिथेच सापडला आणि मागोमाग सगळी साखळी. दोघांना जानेवारी १९५५ मध्ये फाशी झाली. इतरांना लांबलचक कैद.

मग सुरू झालं ‘आदेश दिला कुणी?’ गिब्ली म्हणाले, संरक्षणमंत्री पिन्हास लावोन यांनी. लावोन म्हणाले, मला पत्ताच नव्हता. लावोन यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे कागदपत्रांत फेरफार झाल्याचं निघालं, समित्या बसल्या, १९६० मध्ये मंत्र्यांच्या समितीने लावोन यांना निर्दोष ठरवलं, त्यावरून बेन-गुरियन भडकले आणि सत्ताधारी पक्षात उभी फूट पडली. आदेश नक्की कुणाचा, हे आजवर पक्कं ठरलेलं नाही. तुरुंगात वर्षं काढलेल्या त्या माणसांपैकी हयात असलेल्या तिघांचा सरकारी सन्मान झाला २००५ मध्ये. तब्बल पन्नास वर्षांनी!

बदकांची रात्र

१ एप्रिल १९५९. रेडिओवर अचानक सांकेतिक शब्दांची घोषणा सुरू झाली: अमुक तुकडीने हजर व्हावं, तमुक तुकडीने हजर व्हावं. त्यातला एक संकेत होता ‘पाणबदकं’. राखीव सैनिकांना बोलावण्याचा हा सराव होता, पण हा सराव आहे हे कुणीच नीट सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं, युद्ध पेटलं. देशभर धावपळ उडाली. शेजारच्या अरब देशांनी ती घोषणा ऐकून आपापली सैन्यं सज्ज केली. एका सरावापायी खरंच युद्ध भडकायची वेळ आली.

एप्रिल फूल म्हणून सोडून देण्यातला हा प्रकार नव्हता. अमानचे प्रमुख येहोशाफात हरकाबी आणि लष्करी कारवाया पाहणारे जनरल मेइर झोरेया, दोघांनाही पदावरून दूर केलं गेलं. आणि हर्झोग दुसऱ्यांदा खुर्चीवर आले.

एक माणूस, दोन हेरखाती

१९६३ मध्ये छोटा इसर मोसादमधून बाहेर पडला आणि अमानचे प्रमुख मेइर अमित यांनाच मोसाद सांभाळायला सांगितलं गेलं. काही महिने दोन्ही खाती त्यांच्याच हाती होती. मोसादला कायमचं जाताना त्यांच्याबरोबर परदेशांत हेर पेरणारी अमानची तुकडीही गेली. दमास्कसमधला प्रसिद्ध हेर एली कोहेन मुळात याच लष्करी तुकडीने भरती केलेला. सगळं जग त्याला मोसादचा म्हणून ओळखतं, पण त्याची निवड अमानची.

कलम ४०

आता मुख्य किस्सा. या खुर्चीबद्दल कुणी एकच गोष्ट वाचणार असेल, तर त्याने ही वाचावी.

१९७३. प्रमुख एली झेइरा. हुशार, तडफदार, स्वतःच्या मतावर ठाम. अमानमध्ये तेव्हा एक सिद्धान्त पक्का बसला होता. इजिप्त इस्रायलच्या विमानतळांवर दूरवरून मारा करू शकत नाही तोवर हल्ला करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया एकटा उतरणार नाही. इजिप्तकडे लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं अजून पुरेशी नव्हती. म्हणजे युद्ध नाही. विषय संपला.

हा सिद्धान्त हवेतून आलेला नव्हता. इजिप्तच्या सर्वोच्च वर्तुळातून आलेल्या अस्सल माहितीवर तो उभा होता. त्या वेळी ती माहिती खरीही होती. दरम्यान राष्ट्राध्यक्ष सादात यांनी आपला बेत बदलला, सिद्धान्त मात्र तसाच राहिला.

त्यात मे १९७३ मध्ये एक घटना घडली. इजिप्तची हालचाल पाहून लष्करप्रमुख डेव्हिड एलाझार यांनी तयारी वाढवली. झेइरा म्हणाले, काही होणार नाही. आणि काही झालं नाही! तयारीचा खर्च वाया गेला आणि झेइरांचा शब्द भलताच वजनदार झाला. मला वाटतं, १९७३ चा घात खरं तर त्या मे महिन्यातच झाला. हेरप्रमुखाचा एक अंदाज बरोबर ठरला की पुढच्या अंदाजावर प्रश्न विचारायला कुणी धजत नाही.

ऑक्टोबर उजाडला. सुएझ कालव्यावर इजिप्तचं सैन्य गोळा झालं. ‘नेहमीचा सराव’ असं उत्तर मिळालं. १ ऑक्टोबरला दक्षिण विभागातल्या बिन्यामिन सिमन-तोव या तरुण लेफ्टनंटने अहवाल लिहिला: हा सराव म्हणजे हल्ल्यावर घातलेला पडदा असू शकतो. दोन दिवसांनी त्याने पुन्हा लिहिलं. वरिष्ठाने दोन्ही कागद पुढे पाठवलेच नाहीत. सोव्हिएत संघाने इजिप्त आणि सीरियातून आपल्या माणसांची बायकापोरं घाईघाईने विमानांनी हलवली. तरी मत तेच.

५ ऑक्टोबर, युद्धाच्या आदल्या दिवशीचा अमानचा अहवाल आजही तिथे अभ्यासला जातो. परिच्छेदामागून परिच्छेद इजिप्तच्या तयारीचा तपशील येतो. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा. मग येतं कलम ४०. त्याचा सारांश असा, की ही मांडणी वरकरणी हल्ल्याची दिसत असली, तरी आमच्या मते इजिप्तचा शक्तीचा अंदाज बदललेला नाही, सबब युद्धाची शक्यता कमी. पुरावे लिहिणारा हात आणि निष्कर्ष काढणारा हात एकाच खात्याचा होता, यावर विश्वास बसत नाही.

त्याच रात्री लंडनमध्ये मोसादचे प्रमुख झ्वी झामीर एका माणसाला भेटले. अश्रफ मारवान. इजिप्तचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष नासर यांचा सख्खा जावई आणि इस्रायलचा सर्वांत मोलाचा खबऱ्या. त्याने सांगितलं: युद्ध उद्या, सूर्यास्ताच्या सुमारास. ते सुरू झालं ६ ऑक्टोबरला, दुपारी दोनला. यॉम किप्पूरचा दिवस. ज्यूंचा सर्वांत पवित्र उपास. रस्ते ओस, लोक प्रार्थनेत.

इस्रायलचे २,६०० हून अधिक सैनिक त्या युद्धात गेले. इजिप्त आणि सीरियाची हानी त्याहून कितीतरी मोठी.

नंतर आणखी एक गोष्ट बाहेर आली. इजिप्तच्या दळणवळणाच्या तारांवर अमानने मोठ्या शिताफीने ऐकण्याची उपकरणं बसवली होती. नेमकी अशाच वेळेसाठी. ती चालू आहेत आणि त्यांतून काहीच धोक्याचं ऐकू येत नाही, अशा समजुतीत वरचे लोक निर्धास्त होते. प्रत्यक्षात झेइरांनी ती वेळेवर कामाला लावलीच नव्हती.

या अपयशाची चौकशी करणाऱ्या आग्रानात आयोगाने १ एप्रिल १९७४ रोजी अहवाल दिला. झेइरा, त्यांचे उपप्रमुख, इजिप्त विभागाचा प्रमुख, दक्षिण विभागाचा गुप्तवार्ता अधिकारी आणि लष्करप्रमुख एलाझार, सगळ्यांना जावं लागलं. दहा दिवसांत पंतप्रधान गोल्डा मेयर यांनीही राजीनामा जाहीर केला. लेफ्टनंट सिमन-तोवच्या अहवालांचा पत्ता झेइरांना लागला तो चौकशी चालू असताना. त्या पोराला नंतर कॅप्टन केलं गेलं.

झेइरा पुढे अनेक वर्षं सांगत राहिले, की मारवान दोन्हीकडून खेळत होता. त्याचं नाव झेइरांनीच फोडलं, असा झामीर यांचा आरोप होता. वाद लवादापर्यंत गेला आणि २००७ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींनी झामीर यांचं म्हणणं ग्राह्य धरलं. त्याच वर्षी २७ जूनला मारवान लंडनमधल्या आपल्या घराच्या सज्जातून खाली पडून मरण पावला. पडला की पाडला, हे गूढच.

उलट बोलण्याचा पगार

१९७३ नंतर अमानने आपल्याच घरात एक छोटं खातं उघडलं. काम एकच, विरोधात बोलायचं. सगळे म्हणतात युद्ध नाही? मग युद्ध होणार, असं गृहीत धरून पुरावे मांडा. सगळे म्हणतात हल्ला होणार? मग तो का होणार नाही, ते लिहा. तल्मूदमधली ‘इप्खा मिस्ताब्रा’ ही अरामी संज्ञा या खात्याला चिकटली. बरोबर उलटंच दिसतंय, असा तिचा रोख.

तिथल्या अधिकाऱ्याला मधल्या साहेबांची पायरी न चढता थेट वरपर्यंत कागद पाठवायची मुभा आहे. ‘वर्ल्ड वॉर झी’ या २०१३ च्या चित्रपटात ‘दहाव्या माणसाचा नियम’ येतो. नऊ जणांचं एकमत झालं तर दहाव्याने विरोध केलाच पाहिजे. तो सिनेमाचा मसाला. पण त्याचं मूळ या खऱ्याखुऱ्या खात्यात आहे.

मला या सगळ्या इतिहासात कुठलं पद सर्वांत जास्त आवडतं, असं विचाराल तर हे. उपग्रह, तारा, खबरी यांच्यावर वाटेल तेवढा पैसा ओतता येतो. साहेबाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणणाऱ्याला टेबल, खुर्ची आणि पगार देणारी सरकारं फार थोडी.

इराकवर बॉम्ब, सीरियाची फाइल

जून १९८१. इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर आठ इस्रायली एफ-१६ विमानं गेली. त्यांतल्या एका विमानात होता अमोस यादलिन. सप्टेंबर २००७. सीरियाच्या देर-एझ-झोर भागातली अणुभट्टी इस्रायलने उडवली, तेव्हा अमानच्या प्रमुखाच्या खुर्चीवर होते तेच अमोस यादलिन. एक अणुभट्टी हाताने पाडली, दुसरीची फाइल हाताखाली तयार झाली. सीरियावरच्या हल्ल्याची अधिकृत कबुली इस्रायलने दिली ती २०१८ मध्ये.

त्याच ओसिराक मोहिमेतला सर्वांत तरुण वैमानिक होता इलान रामोन. पुढे तो इस्रायलचा पहिला अंतराळवीर झाला आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या दुर्घटनेत गेला. त्याच यानात आपली कल्पना चावला होती.

पटापट

• एहूद बराक १९८३ ते ८५ प्रमुख होते. त्याआधी १९७३ मध्ये बैरूतमधल्या एका कारवाईत ते विग लावून बाईच्या वेशात उतरले होते. नंतर लष्करप्रमुख आणि १९९९ मध्ये पंतप्रधान.

• येहोशुआ सागी यांना १९८३ मध्ये पद सोडावं लागलं. बैरूतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांतल्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या काहान आयोगाने त्यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. धोका दिसत असताना गप्प राहणं हाही गुन्हा ठरला.

• मोसादच्या प्रमुखाचं नाव १९९० च्या दशकापर्यंत पदावर असताना छापायची बंदी होती. अमानचा प्रमुख मात्र लष्कराच्या वरिष्ठ मंडळातला जनरल, त्याचं नाव उघड.

• अमानची ९९०० ही तुकडी उपग्रह आणि विमानांतून आलेली छायाचित्रं वाचते. तिथे स्वमग्न तरुणांसाठी खास भरती आहे. ‘दूरवर पाहणारे’ अशा अर्थाचं तिचं नाव. तासन्‌तास एकाच भूभागाची चित्रं पाहून त्यांतला बारीकसा बदल टिपण्यात ही मुलं वाकबगार असतात. एरवी ज्यांना लष्कराने दारातूनच परत पाठवलं असतं, ते इथे गणवेश घालून अभिमानाने काम करतात.

• ८२०० या ऐकणाऱ्या तुकडीतून बाहेर पडलेल्या मुलांनी संगणक सुरक्षेच्या नामांकित कंपन्या काढल्या. चेक पॉइंटचे संस्थापक गिल श्वेड त्यांपैकीच.

• याच ८२०० च्या प्रमुखाचं नाव गुप्त ठेवतात. २०२१ मध्ये ‘ब्रिगेडियर जनरल वाय. एस.’ या नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक इंग्रजी पुस्तक आलं. २०२४ मध्ये ‘द गार्डियन’ने शोधून काढलं, की लेखक म्हणजे ८२०० चे प्रमुख योसी सारिएल. सुगावा कुठून लागला? पुस्तकाशी जोडलेल्या जीमेल खात्यातून.

पन्नास वर्षं आणि एक दिवस

७ ऑक्टोबर २०२३. लष्करप्रमुख हर्झी हालेवी, म्हणजे अमानचे माजी प्रमुख. त्यांच्याआधीचे लष्करप्रमुख अवीव कोहावी, तेही अमानचे माजी प्रमुख. अमानच्या खुर्चीवर अहारोन हालिवा. हेरगिरी जाणणारी इतकी माणसं लष्कराच्या शिखरावर क्वचितच आली असतील. त्या सकाळी हमासने गाझाच्या सीमेवरचं कुंपण तोडलं. सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या गाझावरच्या युद्धात मेलेल्या पॅलेस्टिनींची संख्या कित्येक दहा हजारांवर गेली.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नंतर जे छापलं ते वाचताना सिमन-तोव आठवल्याशिवाय राहत नाही. हमासचा हल्ल्याचा आराखडा वर्षभर आधीच इस्रायलच्या हाती होता. सुमारे चाळीस पानांचा, ‘जेरिको वॉल’ नावाने ओळखला जाणारा. रॉकेटचा मारा, ड्रोनने कॅमेरे निकामी करणं, पॅराग्लायडर आणि मोटारसायकलींवरून शिरणं, सगळं त्यात. जुलै २०२३ मध्ये ८२०० मधल्या एका अनुभवी विश्लेषक बाईने कळवलं, की हमासचा नुकताच झालेला सराव या आराखड्याशी तंतोतंत जुळतो. गाझा विभागातल्या एका कर्नलने ते काल्पनिक म्हणून बाजूला ठेवलं. सीमेवरच्या नहाल ओझ तळावर कॅमेऱ्यांसमोर बसणाऱ्या तरुण मुली कित्येक महिने संशयास्पद हालचाली कळवत होत्या. त्यांतल्या अनेक जणी त्या सकाळी मारल्या गेल्या. आणि हमासच्या लोकांच्या हातातल्या वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकणं वर्षभर आधीच बंद केलं होतं. वेळेचा अपव्यय म्हणून!

या वेळचा सिद्धान्त होता ‘हमासला आत्ता युद्ध नकोय’. उलट बोलणारं खातं तेव्हाही होतं. खातं उघडलं म्हणजे कुणी ऐकतंच असं नाही. मला यातलं सर्वांत टोचतं ते हे, की दोन्ही वेळा खरं बोलणारी माणसं उतरंडीच्या तळाशी होती. एक लेफ्टनंट, एक विश्लेषक, पडद्यापुढे बसलेल्या विशी न ओलांडलेल्या मुली.

हालिवा यांनी २२ एप्रिल २०२४ रोजी राजीनामा दिला. ७ ऑक्टोबरच्या अपयशावरून पद सोडणारे ते पहिले वरिष्ठ लष्करी अधिकारी. सारिएल सप्टेंबरमध्ये गेले, हालेवी मार्च २०२५ मध्ये. अमानची सूत्रं आली श्लोमी बिंदर यांच्याकडे.

आणि आपल्याकडे?

भारतात चित्र अगदी वेगळं. भूदल, नौदल, हवाई दल यांची गुप्तवार्ता खाती वेगवेगळी. तिघांची माहिती एकत्र आणणारी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी जन्मली ती कारगिलनंतर, २००२ मध्ये. पहिले महासंचालक लेफ्टनंट जनरल कमल डावर. देशाचा मोठा अंदाज बांधायचं काम मात्र रॉ, आयबी आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या यंत्रणेचं. एकाच गणवेशधारी माणसाच्या मतावर सगळा देश टांगलेला नाही, हे मला आपल्या रचनेचं बळ वाटतं. त्याची दुसरी बाजूही आहे. चार यंत्रणांकडे माहितीचे चार तुकडे राहतात आणि ते जोडणारा कुणी नसतो. कारगिलनंतरच्या चौकशीत नेमका याच उणिवेवर बोट ठेवलं गेलं.

खुर्ची सुटल्यावर

माजी हेरप्रमुख पुढे काय करतात? श्लोमो गाझित बेन-गुरियन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. अहारोन झेएवी-फरकाश यांनी चेहरा ओळखून दार उघडणाऱ्या तंत्रज्ञानाची कंपनी काढली. अहारोन यारीव यांनी तर १९७३ च्या युद्धानंतर कैरो-सुएझ रस्त्यावर, किलोमीटर १०१ च्या दगडाजवळ, वाळवंटात ठोकलेल्या तंबूत इजिप्तच्या जनरल गमासींसमोर बसून वाटाघाटी केल्या. ज्या सैन्याच्या हालचाली आठ वर्षं मोजल्या, त्याच सैन्याच्या जनरलबरोबर ११ नोव्हेंबर १९७३ रोजी करारावर सही.

आणि बदकांच्या रात्रीने ज्यांची खुर्ची गेली ते हरकाबी? ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक झाले. पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेची सनद त्यांनी हिब्रूत आणली, तिच्यातला प्रत्येक शब्द तपासला आणि या लोकांशी समझोता शक्य नाही, असं कित्येक वर्षं ठामपणे मांडलं. सरकारातले कठोर भूमिकेचे लोक त्यांचे दाखले देत. पुढे पुरावे बदलत गेले तसं हरकाबींचं मतही बदललं. याच संघटनेशी बोला, पॅलेस्टिनी राज्य मान्य करा, नाही तर आपला देश धोक्यात येईल, असं ते १९८० च्या दशकात जाहीरपणे लिहू-बोलू लागले. जुने सहकारी तुटले, टीका झाली, पण त्यांनी आपला बदललेला अंदाज लपवला नाही. १९९३ मध्ये त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. देशाच्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांनी त्या संघटनेच्या प्रमुखाशी वॉशिंग्टनमध्ये हस्तांदोलन केलं.